आक्काची अनुकंपा पेशी

आक्का, कावळा लगेच शिवला.

गुरुजी पिंड ठेवून चार पावलं मागं सरतात न सरतात, तोच घाटावरच्या बाभळीतून एक खाली आला. इकडं नाही बघितलं, तिकडं नाही बघितलं, सरळ भातात चोच घातली. सगळ्यांनी हुश्श केलं. धाकट्या काकू पदर सावरत म्हणाल्या, "लई समाधानानं गेली बाई. कसली म्हणून इच्छा ठिवली न्हाई मागं." दाजींनी टॉवेलात तोंड लपवलं. तुझा अक्षय मुंडन केलेल्या डोक्यानं, ओल्या धोतरात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे झालं मावशी, आई सुटली.

मला मात्र राग आला. खोटं कशाला सांगू, प्रवरेच्या पाण्यात पाय घालून उभी होते आणि तुझाच राग आला. इतकी कसली घाई होती गं तुला?

दहाव्यासाठी पुण्याहून परत येताना एसटीत मी सगळी तयारी करून आले होते. मला वाटलं होतं, कावळा काही येणार नाही. ऊन चढेल, माणसं घड्याळं बघायला लागतील, मग एकेक जण पुढं होऊन सांगेल, अक्षयचं लग्न नीट करू, दाजींना एकटं पडू देणार नाही. तरी तो येणार नाही. शेवटी काकू म्हणतील, "संगे, तू बोल. तुझ्यापाशी जीव अडकला आसंल तिचा." आणि मी, असल्या गोष्टींना आयुष्यभर नाक मुरडत आलेली मी, हात जोडून सगळ्यांच्या देखत म्हणणार होते, "आक्का, मी तुला उत्तर चुकीचं दिलं होतं. दुरुस्त करते." एवढंच. नगर सोडल्यापासून नेवासा फाट्यापर्यंत मी हे वाक्य मनात घोकत आले होते.

तू मला तोंडसुद्धा उघडू दिलं नाहीस. तुझं हे असंच पहिल्यापासून. कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. प्रॅक्टिकलची बेल व्हायच्या आधी पाच मिनिटं टेबलं मांडून मोकळी. तर आता जे घाटावर राहिलं ते इथं लिहिते आहे, आणि तुला ऐकून घ्यावं लागेल. मधे मधे "बरं, बरं" करून स्वयंपाकघरात पळता यायचं नाही.

नाना गेले तेव्हा तू नगरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतीस आणि माझा बारावीचा निकाल नुकता लागला होता. नाना म्हणजे कागदोपत्री कॉलेजातले 'प्रयोगशाळा परिचर' आणि नेवाशात सगळ्यांचे लॅबवाले नाना. संध्याकाळी दारातून सडक्या अंड्याचा वास आला की आपण ओळखायचो, आज बारावीच्या पोरांनी गॅस सोडला. आई म्हणायची, आधी अंघोळ, मग चहा. नाना गेले आणि त्यांच्या जागेवर घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर घ्यायचं ठरलं. एकालाच. आईचं वय बसत नव्हतं. उरलो आपण दोघी.

कचेरीसमोर झाडाखाली टायपिंगवाल्याचं टेबल होतं, आठवतं? मी ना-हरकत लिहून द्यायची होती. त्यानं कडकड कडकड टाइप केलं, की मी, खाली सही करणार, संगीता, माझ्या थोरल्या बहिणीच्या सदर नेमणुकीस माझी काहीही हरकत नाही. वारं सुटलं होतं, कागद उडत होता, म्हणून तू त्यावर तळहात दाबून धरलास. तुझे तळहात! थंडी असो, उन्हाळा असो, कायम ओले. पेन घसरायचं, वही भिजायची, लग्नात दाजींच्या हातात हात देताना तू आधी पदराला पुसून घेतलास ते मी बघितलंय. "मेले हात," म्हणायचीस.

सही करायच्या आधी तू मला विचारलंस, "संगे, तुला पायजे का ही जागा? बघ. आजून सही केली न्हाईस. तू नोकरी कर, मी शिकते. माझं काय म्हननं न्हाई."

मी चपलेकडं बघत राहिले. मला पुण्याला जायचं होतं, आक्का. मला त्या गॅसच्या वासात जन्म काढायचा नव्हता. तुलाही काढायचा नसेल, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. मी पेन घेतलं आणि झोकात सही ठोकली, खाली दोन टिंबं देऊन. तू हात उचललास तर कागदावर तळव्याएवढा भाग फुगून वर आलेला. टायपिंगवाला कुरकुरला, "ताई, स्टॅम्पपेपर भिजीवला की वो." तू हसलीस. घरी येताना तू मला रसवंतीवर रस पाजलास आणि त्या विषयावर पुन्हा एक अक्षर बोलली नाहीस.

मी मात्र बोलत राहिले. दरवर्षी दिवाळीला भांडण ठरलेलं. मी म्हणायची, आक्का, तू शिकली असतीस तर कुठल्या कुठं गेली असतीस, माझ्यामुळं राहिलं तुझं. तू एकदम उसळायचीस, "माझं काय वाईट चाललंय गं? चांगली लॅब हाय, पोरं हायेत. उपकाराची भाषा माझ्यापुढं करायची न्हाई." तू मला आभार मानू देत नव्हतीस आणि मला माफी मागता येत नव्हती. मग आपण दोघी चिवड्याच्या डब्यावरून भांडायचो. ते सोपं होतं.

मी पीएच.डी.ला लागले तेव्हा फोनवर तू विचारलंस, "इषय काय घेतला?" मी ऐटीत सांगितलं, "अनुकंपी चेतापेशींच्या घडणीतलं जनुकांचं नियमन." मग तू म्हणालीस, "अगं बाई! पेशींत बी अनुकंपावर लागत्यात व्हय?"

मी इतकी हसले की होस्टेलच्या पोरी बघायला लागल्या. तू हसत नव्हतीस. तुला खरंच वाटलं होतं. मी समजावून सांगितलं, अगं, शरीरात आपल्या मर्जीशिवाय चालणाऱ्या नसा असतात. घाबरलं की छाती धडधडते, अंगावर काटा येतो, हाताला घाम सुटतो, ते सगळं या नसा करतात. एका अवयवाचं दुखणं दुसऱ्याला कळतं असं जुन्या लोकांना वाटायचं, म्हणून इंग्रजीत तसं नाव पडलं, आणि आपल्या पुस्तकवाल्यांनी त्याचं अनुकंपी केलं. तू सगळं ऐकलंस आणि म्हणालीस, "मंजी माज्या हाताला घाम फोडनाऱ्या ह्याच का भवान्या?" मी म्हटलं, ह्याच.

पण स्टाफरूममध्ये तू व्हायचा तो घोळ करून ठेवलासच. "आमची संगी अनुकंपाच्या पेशींवर शिकतीय," असं तू अभिमानानं सांगत फिरलीस आणि लोकांनी त्यातलं अनुकंपा तेवढं ऐकलं. तुमच्या हेडक्लार्कनी मला फोन केला होता, सांगितलं का कधी तुला? म्हणाले, "मॅडम, तुमचा या विषयाचा अभ्यास हाय म्हणं. आमच्या पाव्हण्याच्या पोराची फाईल प्रतीक्षा यादीत आडकलीय, जरा बघता का?" मी त्यांना सांगून सांगून दमले की माझा अभ्यास कोंबडीच्या अंड्यातल्या पेशींचा आहे. त्यांना वाटलं, बाई टाळतीय.

तुमच्या कॉलेजात नवीन आलेली माणसं तुला 'अनुकंपावाली बाई' म्हणायची, भरतीतून आलेल्यांपासून वेगळी ओळखता यावी म्हणून. मला ते ऐकून चीड यायची. तू खांदे उडवायचीस. म्हणायचीस, "खरंच हाय की. नानांच्या मायेवर लागले मी. त्यात लाजायचं काय?"

आणि कोंबडी! मी अंडी उबवणीच्या पेटीत ठेवून रोज तास मोजते हे कळल्यावर तू किती दिवस मला पिडलंस. "मंजी खुडूक कोंबडीचं काम तुज्याकडून करून घेत्यात," म्हणायचीस. पण तुला कळायचं, आक्का. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना नाही कळत तसं कळायचं. एकदा मी तुला सांगत होते की शरीरातल्या प्रत्येक पेशीत तीच सगळी जनुकं असतात. नखाच्या पेशीत तीच, मेंदूच्या पेशीत तीच. मग एक नख होते आणि एक मेंदू, ते का? कुठली जनुकं उघडायची आणि कुठली बंद ठेवायची, एवढ्यावरच सगळं ठरतं. तू टेस्ट ट्यूब धूत होतीस. ब्रश तसाच आत ठेवून म्हणालीस, "आमचं कपाटच की हे."

मग तू मला कपाट दाखवलंस. नानांच्या वेळचं, लोखंडी, हिरवं. सगळ्या बाटल्या त्यातच. अकरावीला तेच कपाट, बारावीलाही तेच. आदल्या दिवशी सरांची चिठ्ठी येते, उद्या अमुक प्रॅक्टिकल, आणि तू त्या चिठ्ठीबरहुकूम बाटल्या बाहेर काढून ट्रे लावतेस. "कपाट समद्यांचं एकच. चिठ्ठी येगळी. म्हनून ह्या टेबलावर मीठ ओळखायचं आन् त्या टेबलावर बेडकाचं हाड." असं म्हणून तू मला विचारलंस, "पर तुज्या त्या पेशीला चिठ्ठी कोन धाडतं?"

मी वीस वर्षं वर्गात शिकवते आहे, याहून चांगलं मला एकदाही सांगता आलं नाही. मी तुला सांगितलं, चिठ्ठी शेजारी धाडतात. पाठीच्या कण्याच्या जागी जी नळी तयार होते, तिच्या वरच्या काठावरून काही पेशी सुटतात आणि चालत खाली निघतात. त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. कुणी कातडीखाली जाऊन रंग देणारी होते, कुणी चेहऱ्यातलं मऊ हाड, म्हणजे कूर्चा होते. ज्या चालत चालत मोठ्या रक्तवाहिनीपाशी, महारोहिणीपाशी पोचतात, त्यांना त्या वाहिनीच्या भिंतीकडून चिठ्ठी मिळते. मग एक जनुक उघडतं, ते दुसऱ्याला उघडतं, दुसरं तिसऱ्याला, आणि सगळी मिळून एकमेकांना उघडं धरून ठेवतात. झाली ती अनुकंपी चेतापेशी. तू लक्ष देऊन ऐकलंस. म्हणालीस, "मंजी कुटं जाऊन पोचली त्यावर हाय." मी म्हटलं, बरंचसं. तू पुन्हा ब्रश फिरवायला लागलीस.

तू एकदाच माझ्या लॅबमध्ये आलीस पुण्याला. अंड्याला खिडकी पाडून मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. तू डोळा लावलास आणि ओरडलीस, "आगं संगे, धडाडतंय की हे!" टेबलाच्या कडेवर तुझ्या दोन्ही तळव्यांचे ओले ठसे उमटले होते. मग डोळा न काढता तू म्हणालीस, "बहात्तर तासांचं हाय न्हवं हे? मान वळलीय बघ त्याची." बरोबर बहात्तर तासांचं होतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेल्या प्रॅक्टिकलमधलं तुला ते आठवत होतं. माझे विद्यार्थी आजूबाजूला होते. मी हसले आणि "अरे वा!" म्हणाले, लहान पोरीला म्हणतात तसं. त्यांना सांगितलं, ही माझी बहीण, हिला फार हौस आहे. हौस म्हणाले मी, आक्का. तू परत निघताना डब्यातले उरलेले धपाटे त्या पोरांना वाटलेस आणि कुणाचं काय चालू आहे ते विचारत बसलीस.

आता त्या उत्तराकडं येते. मघापासून टाळते आहे.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. बारावीच्या तोंडी परीक्षा चालू होत्या. घरी लाईट नव्हती म्हणून मी लॅपटॉप घेऊन सकाळी तुझ्या स्टोअररूममध्ये स्टुलावर बसले होते. एका लेखावर परीक्षकांनी चिक्कार शेरे मारले होते आणि मी त्यांना उत्तरं लिहीत होते, डोकं उठलेलं. तू बाटल्यांना लेबलं लावत होतीस. पेन्सिलनं लिहायचीस लेबलं, शाई तुझ्या हातानं फुटायची म्हणून. मधेच तू विचारलंस,

"संगे, येक इचारू? एकदा का त्या पेशीची चिठ्ठी आली आन् ती जी व्हायची ती झाली, मंग परत तिला दुसरं काय व्हता येतच न्हाई का?"

मी मान वर केली नाही. "नाही गं आक्का. एकदा ठरलं की ठरलं."

"येकीला बी न्हाई?"

"नाही म्हटलं ना. परत फिरत नाही ते."

"बरं," म्हणालीस तू.

आणि लेबल लावत राहिलीस. मी टाइप करत राहिले. मला माहीत होतं, आक्का. मला उत्तर माहीत होतं आणि ते 'नाही' नव्हतं. फक्त सांगायला दहा मिनिटं लागली असती आणि माझ्याकडं ती नव्हती. संध्याकाळी पुण्याला परत येताना घोडेगावपाशी गाडी थांबली तेव्हा एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला, की तू पेशीबद्दल विचारतच नव्हतीस. फोन हातात होता. लावला नाही. म्हटलं, पुढच्या वेळी निवांत सांगू. मग पुढच्या वेळी चिवडा होता, अक्षयची नागापूर एमआयडीसीतली नोकरी होती, दाजींचे गुडघे होते. दोन वर्षं गेली.

दहा दिवसांपूर्वी फोन आला, की तू सकाळी स्टोअररूममध्ये ट्रे लावता लावता खाली बसलीस आणि उठलीच नाहीस. मी पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलेलं होतं. मी तुझा हात हातात घेतला. कोरडा होता. जन्मात पहिल्यांदा तुझा हात कोरडा लागला, आणि मला जे काही कळायचं ते तेव्हा कळलं. मी किती मोठ्यानं ओरडले ते मला आठवत नाही, काकू सांगतात.

तर ऐक, खरं उत्तर. सगळ्या अनुकंपी पेशी सुरुवातीला एकच रसायन बनवायला शिकतात, हृदयाकडं जाणाऱ्या तेच आणि रक्तवाहिन्यांकडं जाणाऱ्याही तेच. ज्या घामाच्या ग्रंथींकडं निघतात त्यासुद्धा तेच रसायन घेऊन निघतात. पूर्ण वाढलेल्या, ठरलेल्या, त्यांचं सगळं झालेलं असतं. पण त्या ग्रंथीपाशी पोचल्या की ती ग्रंथी त्यांना नवी चिठ्ठी देते. आणि त्या पेशी जुनी जनुकं मिटवतात, दुसरी उघडतात, आणि वेगळंच रसायन बनवायला लागतात. उंदराच्या तळपायात हे धडधडीत दिसतं. मी स्वतः बघितलंय. फिरतं, आक्का. ठरलेलं फिरतं. उशिरानं फिरतं, पोचल्यावर फिरतं, पण फिरतं. आणि कुठं फिरतं बघ, त्या तुझ्या भवान्यांच्यातच. इतकी वर्षं तुझ्या तळहातावर लिहिलेलं उत्तर मी तुला सांगितलं नाही.

हेच मला घाटावर म्हणायचं होतं. आणि कावळा शिवून गेला.

घरी आल्यावर जेवणं उरकली. मी माजघरात भिंतीला टेकून बसले होते. दाजी आले, समोर उकिडवे बसले, काही तरी चोरी केल्यासारखे. म्हणाले, "संगूताई, तिनं शपथ घातली हुती. संगीला बोलायचं न्हाई, म्हनली. पुरी डिग्री पास झाल्याव आपून होऊन सांगू. आता काय, शपथंचं..." आणि त्यांनी माझ्या मांडीवर एक फाईल ठेवली.

वर तुमच्या प्राचार्यांचं पत्र. सदर कर्मचारी महिलेस मुक्त विद्यापीठात बी.एस्सी. पदवीसाठी प्रवेश घेण्यास या कार्यालयाची काहीही हरकत नाही. माझ्या त्या 'एकदा ठरलं की ठरलं'नंतर चार महिन्यांनी घेतलेलं पत्र. त्याखाली पहिल्या वर्षाचं गुणपत्रक, पास. प्राणिशास्त्रात तर चांगलेच मार्क. मी दाजींकडं बघितलं. ते म्हणाले, "रोज पहाटं उठून वाचायची. मला म्हनायची, नाना गेले तवा दुसऱ्या वर्षाला हुते, आता परत दुसऱ्याला आले. आता न्हाई सोडायची."

कमाल करतेस तू. दोन दिवाळ्या आलीस-गेलीस, माझ्यासमोर बसून करंज्या भरल्यास, आणि मी नेहमीप्रमाणं "तू शिकली असतीस तर" चालू केलं की तू उसळण्याऐवजी नुसती हसायला लागली होतीस. मला वाटलं, वयानं निवळली.

सगळ्यात खाली जर्नल होतं. दुसऱ्या वर्षाचं, अर्धं भरलेलं. डाव्या कोऱ्या पानांवर तू पेन्सिलीनं स्वतःपुरतं काहीबाही लिहून ठेवलं आहेस. एका पानावर हे होतं. तुझं गोल अक्षर, तुझे शब्द, जसेच्या तसे: 'घामाच्या ग्रंथीकडे जाणाऱ्या पेशी तिथे गेल्यावर बदलतात. सरांनी पुस्तकात दाखवलं. म्हणजे ठरलं तरी फिरतं. संगी नाही म्हणाली होती. तिच्या मागं लई काम असतं, ध्यानात आलं नसंल. विचारून लाजवायचं नाही.'

मी ते वाचलं आणि मोठ्यानं रडले, आक्का. दहा दिवसांत तसं रडले नव्हते. मी दोन वर्षं उरावर दडपण घेऊन हिंडले की माझ्या एका शब्दानं तुझं दार लागलं. तू त्याच शब्दाचा पडताळा घ्यायला प्रवेश घेतलास, पुस्तक उघडलंस, उत्तर शोधलंस, वर माझी चूक पोटात घालून मोकळी झालीस. मग कावळ्यानं कशाला थांबायचं? तुझं काही विचारायचं राहिलंच नव्हतं. राहिलं होतं ते माझं.

त्याच्या समोरच्या उजव्या पानावर आकृती आहे. कोंबडीचा भ्रूण, बहात्तर तासांचा. मान वळलेली. काय सुरेख काढली आहेस. पानाच्या खालच्या कोपऱ्यात जिथं तुझा हात टेकला होता तिथं कागद फुगून सुरकुतला आहे, तळव्याएवढा. मी त्यावर माझा हात ठेवून बराच वेळ बसले. तुझ्या हातापेक्षा माझा हात लहान आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं.

आकृतीत महारोहिणीच्या दोन्ही बाजूंना तू पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके दिले आहेस. ते अभ्यासक्रमात नाहीत. त्या वर्षाला तसं काढायला कुणी सांगत नाही. ते तू माझ्यासाठी काढलेस, किंवा स्वतःसाठी, मला कळणार नाही आता. त्यांच्यापासून एक सरळ रेघ ओढून तू बाहेर लेबल दिलं आहेस: 'अनुकंपा चेतापेशी'.

अनुकंपी नाही, अनुकंपा. मला वर्षानुवर्षं पोरांची जर्नलं तपासायची सवय, हात आपोआप लाल पेनाकडं गेला. टोपण काढलं. खाली 'तपासणाऱ्याची सही' म्हणून रेघ कोरी होती. तू चुकून लिहिलंस का मुद्दाम, हे विचारायला मी वर बघितलं, आणि समोर दाजी बसले होते.

आक्का, मी सही केली. हळू केली, खाली टिंबं न देता. लेबल चुकलं आहे तुझं. पण ते तसंच राहू दे. माझी काहीही हरकत नाही.